लिपी, किल्ली आणि संप्रदाय : रिद्धपूरच्या पोथ्यांवरून हॅकरच्या अस्मितेकडे

संगणकाशी झुंजण्यातच ज्याला आनंद वाटतो अशा माणसाला 'हॅकर' ही संज्ञा मिळाली ती अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, १९५० च्या दशकाच्या अखेरीस. या माणसाची अस्मिता कशी घडते, या प्रश्नाचे रूढ उत्तर स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ च्या 'हॅकर्स' या ग्रंथापासून फारसे बदललेले नाही. माहिती मुक्त असावी, अधिकारपदावर विसंबू नये, माणसाची पारख पदवी, वय वा वर्ण यांवरून न करता त्याच्या कामावरून करावी, अशी एक मूल्यव्यवस्था असते आणि ती अंगीकारणारा हॅकर ठरतो, असे या उत्तराचे स्थूल रूप आहे. ही तत्त्वे प्रारंभी कोणी लिहून काढली नव्हती, ती वागण्यातून प्रकटत होती, असे लेव्ही स्वतः नोंदवतात. पण त्यांच्या पुस्तकाचा जो संस्कार मागे उरला त्यात तत्त्वे आधी आली आणि हातांचे काम मागे पडले. प्रस्तुत विवेचनात हा क्रम उलटा लावून पाहावयाचा आहे. संकेत लिहिणे, उतरवणे, दुरुस्त करणे, दुसऱ्याला शिकवणे या रोजच्या कृतींतूनच समूहाची ओळख आकारास येते काय, आणि तत्त्वज्ञान हे तिचे नंतरचे समर्थन असते काय, हा आपला प्रश्न आहे. त्याच्या तपासणीसाठी बोस्टनपेक्षा अधिक जुने आणि आपल्याला अधिक जवळचे साधन वऱ्हाडात उपलब्ध आहे.

अमरावती जिल्ह्यातील मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. श्रीचक्रधरांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांचे हे गाव. श्रीचक्रधरांच्या प्रयाणानंतर नागदेवाचार्य आणि त्यांच्याभोवतीचा शिष्यपरिवार येथेच वावरला आणि तेराव्या शतकाच्या अखेरच्या चतुर्थकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले तेही याच परिसरात. या ग्रंथाच्या रचनापद्धतीकडे वाङ्मयेतिहासकारांनी वेळोवेळी लक्ष वेधले आहे. ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले, त्यांच्या सहवासात काळ घालवला, त्यांच्याकडे जाऊन म्हाइंभटांनी आठवणी मिळवल्या आणि नागदेवाचार्यांशी त्या पडताळून घेतल्या. एका प्रतिभावंताची निर्मिती म्हणून या ग्रंथाकडे पाहता येत नाही. तो अनेकांच्या स्मरणाचा, तपासून एकत्र केलेला संचय आहे. म्हाइंभट संस्कृतज्ञ पंडित, तरी ग्रंथ मराठीत. नागदेवाचार्यांनी संस्कृतात लिहू पाहणाऱ्या आपल्या विद्वान शिष्यांना अडवले. का, तर पंथातल्या साध्यासुध्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील, ही 'स्मृतिस्थळा'तील आठवण सुपरिचित आहे. भाषेची निवड येथे स्पष्टपणे उघडेपणाच्या बाजूने झालेली दिसते.

त्याच पंथाने पुढच्या दोन-तीन पिढ्यांत आपले ग्रंथ झाकून घेतले. उघडी भाषा आणि झाकलेली लिपी यांतील हा ताण मला महानुभाव वाङ्मयाच्या इतिहासातील सर्वांत विचारप्रवर्तक गोष्ट वाटतो; आणि ती केवळ संरक्षणाची युक्ती म्हणून निकालात काढणे योग्य नव्हे.

परंपरा सांगते की, चौदाव्या शतकाच्या आरंभी झालेल्या धाडीत 'लीळाचरित्रा'ची मूळ पोथी नाहीशी झाली. पंथीयांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली. हिराइसेच्या पाठाला या पुनर्रचनेत मोठे स्थान आहे. एका स्त्रीच्या स्मरणशक्तीवर मराठीतील पहिला मोठा गद्यग्रंथ तरला, हे आपल्या वाङ्मयेतिहासांनी जितक्या ठळकपणे सांगायला हवे होते तितके सांगितलेले नाही. अनेकांच्या आठवणींतून ग्रंथ उभा करताना पाठ निरनिराळे निघणारच. त्यांतून एकच पाठ निवडून बाकीचे पुसून टाकण्याचा सोपा मार्ग पोथीकारांनी घेतला नाही. एखाद्या लीळेविषयी दुसऱ्याची आठवण निराळी असेल तर ती 'वासना' म्हणून किंवा 'शोध' म्हणून, अनेकदा सांगणाऱ्याच्या नावासकट, संहितेतच नोंदवली जाते. मुख्य पाठ पुढे चालतो आणि त्याच्या अंगाला भिन्न पाठ जिवंत राहतो. लिनस टॉर्व्हाल्ड्स यांनी २००५ मध्ये रचलेल्या 'गिट' या व्यवस्थेत प्रत्येक फेरफार करणाऱ्याच्या नावासह कायम नोंदला जातो. त्या व्यवस्थेशी परिचित असलेल्या वाचकाला 'वासना' आणि 'शोध' या संज्ञांची निकड समजावून सांगावी लागणार नाही. मात्र साम्य येथे संपते. गिटमध्ये नोंद ठेवायची ती पुढे बदल करता यावा म्हणून. रिद्धपुरात नोंद ठेवायची ती स्वामींचा शब्द बदलू नये म्हणून.

आता लिपीकडे वळू. सकळ लिपीचे जनकत्व परंपरेने 'सैह्याद्रवर्णन'कार रवळोबासांकडे जाते. काळ चौदाव्या शतकाच्या मध्याचा. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंक, शून्य, सुभद्रा, श्री अशा अनेक लिपी निघाल्या आणि निरनिराळ्या आम्नायांत त्या वापरात आल्या. सकळ लिपीचे तत्त्व साधे आहे. मुख्यतः नागरीतील अक्षरांची अदलाबदल. एका वर्णाच्या जागी ठरावीक दुसरा वर्ण. आय. एम. पी. रीसाइड यांनी लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेच्या पत्रिकेत १९७० मध्ये या लिपीवर स्वतंत्र लेख लिहिला आहे, तो जिज्ञासूंनी मुळातून पाहावा.

संकेतशास्त्राच्या दृष्टीने असा संकेत दुबळा असतो. अक्षरांच्या वारंवारतेवरून अशी अदलाबदल उकलता येते हे बगदादच्या अल्-किंदीने नवव्या शतकातच दाखवून दिले होते. संकेताची पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी केवळ किल्ली गुप्त राहिल्याने तो टिकला पाहिजे, असा दंडक ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये घालून दिला. सकळ लिपीत पद्धत आणि किल्ली वेगळ्या काढताच येत नाहीत. एकदा गुपित कळले की त्या लिपीतील सर्व पोथ्या एकदम उघड्या पडतात. मग एवढ्या कच्च्या कुलपाने सुमारे साडेपाच शतके दार कसे बंद ठेवले? उत्तर लिपीत शोधण्यापेक्षा समाजात शोधावे लागेल. पोथी मठात, मठ पंथीयांचा, वाचनाचा अधिकार गुरूकडून. बाहेरच्यांना ती उघडण्याची इच्छाच नव्हती. ज्यांना विद्वत्ता होती त्यांना तिरस्कार होता. अवघड लिपीने बाहेरच्यांना रोखले यापेक्षा तिने आतल्यांना घडवले, हेच तिचे खरे कार्य मानावे लागेल.

ती कशी घडवते हे पाहण्यासाठी शिकणाऱ्या शिष्याचा विचार करावा. पहिल्या दिवशी तो प्रत्येक अक्षर मनात उलटवतो. काही महिन्यांनी उलटवणे थांबते. डोळ्यांना एक अक्षर दिसते आणि ओठांवर दुसरा ध्वनी येतो. या टप्प्यावर तो इतर मराठी वाचकांपासून वेगळा झालेला असतो आणि हे वेगळेपण कोणत्याही प्रतिज्ञेने आलेले नसते. त्याच्या हाताला, डोळ्याला, जिभेला ते चिकटलेले असते. पुढे पंथ पंजाबात आणि काबूलपर्यंत पोचला. तेथील 'जयकृष्णी' महानुभावांनी मराठी ही धर्मभाषा म्हणून जतन केली. ज्यांच्या घरात मराठी बोलली जात नव्हती त्यांनी मराठी पोथ्या उतरवल्या आणि जपल्या. अस्मितेला मातृभाषेची, प्रदेशाची किंवा जातीची अट नसली तरी चालते, आचार तेवढा हवा, याचे याहून स्पष्ट उदाहरण मराठीच्या इतिहासात मला ठाऊक नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. गुप्ततेचे काम एका लिपीने भागले असते. इतक्या लिपी का? आम्नायांतील स्पर्धा हे एक कारण उघडच आहे. परंतु शून्य लिपी, अंक लिपी ही नावे पाहिली की, गरजेच्या पलीकडचा, कौशल्याचा आनंदही येथे काम करत असावा अशी शंका येते. १९८४ पासून 'सी' या संगणकभाषेत जाणूनबुजून दुर्बोध प्रोग्रॅम लिहिण्याची एक आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते. प्रोग्रॅम चालला पाहिजे, पण वाचणाऱ्याची मती गुंग झाली पाहिजे. हॅकरांच्या संस्कृतीवर 'कोडिंग फ्रीडम' (२०१२) हा ग्रंथ लिहिणाऱ्या मानववंशशास्त्रज्ञ गॅब्रिएला कोलमन यांनी अशा चातुर्याला आणि विनोदाला या संस्कृतीत मध्यवर्ती स्थान दिले आहे, ते यथार्थ आहे. दुर्बोधता ही नेहमी लपवण्यासाठीच असते असे नाही. ती जाणत्यांनी जाणत्यांना दिलेली दादही असते.

मॅसॅच्युसेट्सकडे पाहिले तर प्रथमदर्शनी सर्व उलट दिसते. तेथील मॉडेल रेल्वे क्लबातील मुलांनी १९६१ मध्ये आलेल्या पीडीपी-१ या यंत्रावर रात्री जागवल्या. प्रोग्रॅमच्या कागदी फिती खणात ठेवलेल्या असत. कोणीही काढाव्या, सुधाराव्या, परत ठेवाव्या. १९६२ चा 'स्पेसवॉर' हा खेळ अशाच अनेक हातांनी वाढला. १९७७ मध्ये तेथील एका प्रयोगशाळेने संगणकाला सांकेतिक परवलीचे शब्द लावले तेव्हा रिचर्ड स्टॉलमन यांनी ते उकलले आणि ज्याचा त्याला निरोप धाडला की, तुमचा शब्द अमुक आहे, त्याऐवजी काहीच न टाकता नुसती कळ दाबणे सोपे नाही का? सुमारे एक पंचमांश लोकांनी ते मानले, असे ते सांगतात. पंथाने किल्ली निर्माण केली, हॅकराने ती फेकून दिली. विरोध याहून पूर्ण असू शकत नाही.

तरीही आचाराच्या पातळीवर दोन्ही समूह विलक्षण जवळचे आहेत. दोन्हीकडे ज्ञान मिळते ते दुसऱ्याची संहिता उतरवताना. दोन्हीकडे स्वतःची परिभाषा आहे. हॅकरांच्या शब्दांचा कोश स्टॅनफर्ड येथे १९७५ मध्ये सुरू झाला आणि तो चाळताना असे जाणवते की, शब्दांचे अर्थ सांगण्यापेक्षा 'आपला कोण' हे ओळखण्याची सोय त्यात अधिक आहे. दोन्हीकडे दीक्षा आहे. 'डेबियन' या मुक्त आज्ञावलीच्या समूहात प्रवेश हवा असेल तर नवागताची ओळख आधीच्या सदस्याने प्रत्यक्ष भेटून पडताळावी लागते, त्याच्या संकेत-किल्लीवर आपली सही द्यावी लागते. मग समूहाच्या तत्त्वांवर आणि त्याच्या कौशल्यावर प्रश्नोत्तरे होतात. कोलमन यांनी या प्रक्रियेचे केलेले वर्णन वाचताना गुरुपरंपरेची आठवण होणे अपरिहार्य आहे. किल्ली न मानणाऱ्यांच्या वारसांनीही अखेर किल्लीभोवतीच आपला संप्रदाय उभारला. उघडेपणा आणि गुप्तता या दोन्ही भूमिका परस्परविरुद्ध असूनही त्यांच्या मुळाशी संहितेशी असलेली सारखीच शारीरिक जवळीक आढळते, असे माझे प्रतिपादन आहे.

रोलाँ बार्थ यांनी लेखकाच्या मृत्यूची जी घोषणा १९६० च्या दशकात केली तिचा आपल्याकडे बराच गाजावाजा झाला. म्हाइंभटांचा ग्रंथ आणि खणातील कागदी फीत या दोहोंना ती घोषणा अनावश्यक आहे. तेथे लेखक कधी एकटा जन्मलाच नव्हता.

नावांचा इतिहासही येथे बोलका ठरतो. पंथाने स्वतःला 'महानुभाव' म्हटले. बाहेरच्यांनी त्याचे 'मानभाव' केले आणि त्यावरून मराठीत 'मानभावी' हे वरकरणी गोड व आतून कपटी अशा माणसाचे विशेषण रूढ झाले. वऱ्हाडच्या १८८१ च्या जनगणना अहवालात आणि रसेल व हिरालाल यांच्या १९१६ च्या मध्यप्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथात या पंथाची जी नोंद आहे ती 'मानभाव' याच नावाखाली. ज्यांची पोथी वाचता येत नाही त्यांच्याविषयी काहीही म्हणता येते. 'हॅकर' या शब्दाचीही हीच गत झाली. १९८३ मध्ये मिलवॉकीच्या काही तरुणांनी दूरस्थ संगणकांत शिरकाव केल्याचे प्रकरण अमेरिकन नियतकालिकांत गाजले, त्याच वर्षी 'वॉरगेम्स' हा चित्रपट आला आणि शब्द चोराला चिकटला. समूहाने 'क्रॅकर' असा दुसरा शब्द काढून आपले नाव धुऊन घेण्याचा प्रयत्न केला. वृत्तपत्रांनी दाद दिली नाही. आजही अमरावती किंवा अकोल्याच्या कोणत्याही दैनिकात 'हॅकर' येतो तो बँकेतील पैसे पळवणारा म्हणूनच. बाहेरून लादलेले नाव आतल्यांना अधिक घट्ट बांधते, हा समाजशास्त्राचा सिद्धांत दोन्ही ठिकाणी लागू पडतो. परंतु त्याची किंमतही असते, आणि महानुभावांच्या बाबतीत ती केवळ पंथाने मोजलेली नाही.

ती मराठी वाङ्मयाने मोजली. एकोणिसाव्या शतकात जेव्हा मराठी साहित्याच्या इतिहासाची मांडणी सुरू झाली तेव्हा १२९० च्या ज्ञानेश्वरीपूर्वीचे हे गद्य दृष्टीआड होते. मराठी गद्य ही इंग्रजी अमदानीची देणगी, असे समजणे त्यामुळे शक्य झाले. वि. का. राजवाडे यांनी १९१० च्या सुमारास सकळ लिपीची उकल पुढे आणली, वि. ल. भावे यांनी 'महाराष्ट्र सारस्वता'त या वाङ्मयाला जागा दिली, यवतमाळच्या य. खु. देशपांडे यांचे 'महानुभावीय मराठी वाङ्मय' १९२५ मध्ये आले, ह. ना. नेने यांनी नागपुरातून १९३६-३७ मध्ये 'लीळाचरित्र' छापण्यास प्रारंभ केला. तेराव्या शतकातील बोलीचे, स्त्रियांच्या संवादांचे, बाजाराचे, प्रवासाचे, जेवणखाण्याचे दर्शन मराठी वाचकाला घडले ते विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात. मधल्या काळात 'लीळाचरित्रा'च्या वळणाचे गद्य मराठीत बाहेर कोणी लिहिले नाही, कारण ते कोणी वाचलेच नव्हते. संहिता जिवंत होती, पण तिला पंथाबाहेर वंश नव्हता. सकळ लिपीच्या कौतुकात हे विसरता कामा नये.

लिपी उघडल्यानंतरही प्रश्न मिटला नाही. वि. भि. कोलते यांची 'लीळाचरित्रा'ची आवृत्ती १९७८ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केली, तेव्हा पंथीयांनी तिच्यातील काही भागांना हरकत घेतली आणि वाद न्यायालयात गेला. संशोधकाच्या दृष्टीने पोथी हे साधन, पाठ ठरवण्याचा अधिकार पुराव्याचा. पंथीयाच्या दृष्टीने पाठ परंपरेच्या हवाली. कोण वाचू शकतो या प्रश्नाची जागा आता कोणाचा पाठ खरा या प्रश्नाने घेतली. मुक्त आज्ञावलीच्या जगात असा वाद उद्भवला की असंतुष्ट गट संहितेची प्रत घेऊन वेगळी शाखा काढतो. १९८९ च्या सार्वजनिक परवान्याने ती मुभा कायद्यानेच दिलेली आहे. आम्नाय म्हणजे अशाच शाखा, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु आम्नायांना एकच मूळ प्रमाण मानायचे असते आणि तेथेच साम्य तुटते.

आता वर्तमान वऱ्हाडाकडे. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ स्थापन झाले. त्याच वर्षी राज्यात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळून बडनेरा, शेगाव येथे अशी महाविद्यालये सुरू झाली. स्टॉलमन यांनी 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली तीही १९८३ च्या सप्टेंबरात. या योगायोगाला अर्थ चिकटवण्याचे कारण नाही, कारण वऱ्हाडात संगणक आला तो हॅकरांच्या परंपरेतून नव्हे. तो अभ्यासक्रम म्हणून आला. प्रयोगवहीत, म्हणजे विद्यार्थ्यांच्या भाषेत 'जर्नल'मध्ये, प्रोग्रॅम हाताने उतरवायचा, खाली अपेक्षित उत्तर लिहायचे आणि सही घ्यायची, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. जगाने 'टर्बो सी' टाकून दिल्यावरही कित्येक वर्षे आपल्या प्रयोगशाळांत तो नांदत होता. उतरवणे येथेही आहे, पण ते रिद्धपूरच्या पोथीकाराचे उतरवणे नव्हे. पोथीकाराला पाठभेद दिसे, तो त्याला 'वासना' म्हणून नोंदावासा वाटे. जर्नल उतरवणाऱ्याला वर्गमित्राच्या वहीतील चूकही तशीच उतरवावी लागते, कारण सहीसाठी एकसारखेपणा पुरतो. या आचारातून पदवीधर घडतो, नोकरीसाठी पुण्याला जाणारा कुशल कर्मचारीही घडतो. संहितेशी नाते सांगणारा समूह घडत नाही. दोष मुलांच्या बुद्धीचा नाही.

असा समूह वऱ्हाडात दिसतो तो महाविद्यालयापेक्षा छापखान्यात. १९९० नंतर डीटीपी आले तेव्हा प्रत्येक मराठी फाँट बनवणाऱ्याने रोमन अक्षरांच्या जागी आपापल्या पसंतीने देवनागरी आकार बसवले. एका फाँटात टंकलेला मजकूर तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडला की निव्वळ इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दिसे. अक्षराच्या जागी ठरावीक दुसरे अक्षर. तत्त्वतः ही सकळ लिपीच होती, फक्त कोणी लपवू इच्छित नव्हते. त्यांतील एका लोकप्रिय आज्ञावलीचे नाव 'श्री-लिपी', आणि महानुभावांच्या सांकेतिक लिपींतही एक 'श्री' लिपी आहे. इतिहास कधी कधी अशी थट्टा करतो. १९९१ मध्येच युनिकोडने देवनागरीला एकच क्रमवारी दिली होती. पण छापखान्यांतील हजारो पाने जुन्या फाँटांतच राहिली. ती सोडवण्यासाठी ज्यांनी अक्षरांचे तक्ते तयार केले, रूपांतरकाचे छोटे प्रोग्रॅम लिहिले, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी कोठे घसरते ते शोधून पुन्हा दुरुस्त केले आणि फुकट वाटले, त्यांतील अनेकांना 'हॅकर' हा शब्द स्वतःला लावून घेणे आवडणार नाही. रूपांतर केलेल्या मजकुरात वेलांटी मागच्या अक्षरावर जाऊन बसलेली दिसली की, हा मजकूर मुळात कोणत्या फाँटात होता हे जाणता टंककार एका ओळीवरून सांगतो.

रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ उभे राहिले आहे. तेथे पोथ्या वाचल्या जातील, त्यांची संगणकीय प्रत होईल, सकळ लिपीतील पाठ देवनागरीत आणण्याचे काम आज्ञावलीवर सोपवणेही शक्य होईल. अक्षरांची अदलाबदल हे यंत्राला क्षणाचे काम. 'वासना' आणि 'शोध' मुख्य पाठाच्या अंगाला कसे ठेवायचे, कोणाचे नाव कोठे नोंदायचे, एखाद्या आम्नायाने हरकत घेतली तर ती संहितेत दाखवायची की संहितेबाहेर, हे मात्र तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला बसून ठरवावे लागेल, आणि त्यासाठी त्याला आधी पोथी वाचता आली पाहिजे.